सगळ्यात मागून धावणारा

आमच्या क्लबात सगळ्यात हळू धावणारी मी होते, म्हणून त्या माणसाची आणि माझी ओळख इतरांपेक्षा जास्त झाली.

मुलुंडच्या मागे डोंगर आहे. कॉलनीतल्या शेवटच्या इमारती संपल्या की पायवाट लागते, घाणेरीच्या झुडपांतून वर चढते आणि मग जंगलात शिरते. रविवारी सकाळी उजाडलं की आम्ही पंधरा-वीस जण तिथे जमायचो आणि त्या वाटेने धावायचो. याला ट्रेल रनिंग म्हणतात हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "डोंगरात धावता? मागे बिबट्या लागलाय की काय?" मी शाळेत शिकवत होते. आठवडाभर पोरांच्या मागे घसा ताणून झाल्यावर दोन तास कोणाशी बोलायला लागत नाही, एवढ्याचसाठी मी तिथे जायला लागले. नंतर सवय झाली.

क्लब सुरू केला तो जहाजावरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. ते सगळ्यात पुढे असायचे. सगळ्यात मागे असायचे दादा. त्यांचं कामच ते होतं. त्यांच्या मागे कोणी उरता कामा नये, हा क्लबचा नियम. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला धाप लागली, कोणी वाट चुकून भलत्या ओढ्यात उतरलं, की दादा त्याच्याजवळ थांबायचे. खरं तर ते कप्तानांपेक्षाही जोरात धावू शकत. एकदा उताराला एका मुलीचा मोबाइल घरंगळला, तेव्हा ते ज्या वेगाने खाली गेले ते आम्ही सगळे थांबून बघत राहिलो होतो. पण दर रविवारी ते माझ्या चालीने धावायचे.

मागच्या माणसाचं असं असतं की तो दिसत नाही, ऐकू येतो. मला त्यांचा चेहरा आठवायला जरा वेळ लागतो, पण त्यांच्या बुटांचा आवाज लगेच आठवतो. "टीचर, डावीकडून घ्या. तो दगड हलतोय." "टीचर, पावलं लहान टाका." मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फिटर होते. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर सगळं कुटुंब भांडुपला आलं. मूळ गाव कुडाळकडचं. वाटेत एखादं झाड ओळखीचं दिसलं की हात लावायचे आणि त्याचं मालवणी नाव सांगायचे. मी लगेच विसरायचे.

ते गेले तो रविवार थंडीतला होता. वरच्या सपाटीच्या थोडं अलीकडे एक चढ आहे, तिथे मी पुढे होते. त्यांच्या पावलांचा आवाज थांबला. मी वळून बघितलं, तर ते वाटेकडेच्या एका दगडावर बसले होते.

"काय झालं, दादा?"

"काय नाय. नाडी सुटली. तुम्ही व्हा पुढे, मी येतो."

मी पुढे गेले नाही, श्वास घेत तिथेच उभी राहिले. ते नाडीकडे वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग हळूच एका कुशीवर गेले, एखादा दमलेला माणूस गाडीत झोपतो तसे.

मी ओरडले. पुढचे सगळे धावत खाली आले. आमच्यात एक दातांची डॉक्टर होती, तिने त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. ती दमली की कप्तान, कप्तान दमले की आणखी कोणी. फोनला रेंज नव्हती. असती तरी तिथे कुठली गाडी येणार होती? शेवटी चार जॅकेटांच्या बाह्यांतून दोन जाड काठ्या घातल्या आणि झोळी केली. अशी झोळी करायला कप्तानांनीच आम्हांला पावसाळ्यात शिकवलं होतं. तेव्हा खोटा पेशंट म्हणून दादाच झोपले होते. सगळ्यात जड तेच, म्हणून सगळ्यांनी त्यांची टर उडवली होती आणि ते डोळे मिटून, "अरे, सांभाळून न्या, घरी बायको वाट बघते," असं म्हणत होते. या वेळी आम्ही पाळीपाळीने झोळी धरली. उतारावर एक जण घसरला की सगळी झोळी हेलकावायची. खाली पोहोचलो तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांना कळलेलं होतं. हॉस्पिटलात फक्त ते कोणीतरी तोंडाने सांगितलं.

त्यानंतर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत राहिली. मग कोणी काही लिहीना. काही जण गुपचूप ग्रुपमधून निघून गेले. तरुण मुलं पवईला तलावाच्या कडेने धावायला लागली. तिथे रस्ता सपाट आहे आणि रिक्षा मिळते. त्यांना तरी काय बोलणार?

महिनाभराने मला दादांच्या बायकोचा फोन आला.

"शेवटी तुम्ही होतात ना त्यांच्याजवळ?"

"हो, वहिनी."

"मला ती जागा बघायचीय."

मी कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, "अजिबात नाही. बाईंना शुगर आहे, गुडघे दुखतात. उद्या त्यांना काही झालं तर मी त्यांच्या मुलीला काय तोंड दाखवू?" त्यांचं चूक नव्हतं. दादा गेल्यापासून ते झोपत नाहीत, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं. मी वहिनींना कसंबसं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी उजाडताना त्या पायवाटेच्या सुरुवातीला येऊन उभ्या राहिल्या. साडी गुडघ्याखाली जरा वर खोचलेली, पायात मुलीचे कॅनव्हासचे बूट. कप्तानांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "हळू चला."

पहिल्या दिवशी त्या पहिल्या वळणापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत. एका जागी बसल्या, घाम पुसला. "राहू दे आज," म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता येणार नाहीत. पण पुढच्या रविवारी त्या आल्या. त्याच्या पुढच्याही आल्या. दर वेळी थोडं पुढे जायचं आणि परत फिरायचं. मी धावणं सोडलं आणि त्यांच्या मागून चालायला लागले. बाकीचे वर जाऊन यायचे, येताना आम्ही भेटायचो. दातांची डॉक्टर त्यांची शुगर विचारायची, साखर एकदम उतरली तर असावी म्हणून त्यांच्या हातात खडीसाखर द्यायची. चार-पाच जणच उरलो होतो. तेही वहिनी येतात म्हणून येत होतो, असं मला आता वाटतं.

वहिनी फार बोलायच्या नाहीत. दादांच्या धावण्यावर त्यांचा राग होता, तो मात्र त्यांनी लपवला नाही. "आठवडाभर मशीनवर उभं राहायचं आणि रविवारी हे. लोक घरात मटण खातात, झोपतात. हे पहाटे उठून भांड्यांचा आवाज करणार. मुलगी लहान असताना तिला कधी बागेत नेलं नाही. डोंगरात मात्र यायला वेळ होता." त्या डोंगरात ते मला सांभाळत होते.

होळी जवळ आली होती. ऊन लवकर तापायला लागलं होतं. त्या रविवारी आम्ही शेवटच्या चढाच्या खाली थांबलो असताना वहिनी एकदम म्हणाल्या, "टीचर, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा ना."

"दुखतंय असं काही बोलले होते का ते? छातीत, पोटात, कुठेही?"

"नाही, वहिनी. नाडी सुटली म्हणाले. मला पुढे जायला सांगितलं."

त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता परत बंद केली. "आदल्या रात्री जळजळतंय म्हणाले होते. छातीत. मी ओवा आणि मीठ दिलं, वर गरम पाणी. अॅसिडिटी आहे म्हटलं, सोड्यांचं तिखट कालवण कमी खात जा. सकाळी विचारलं, बरं आहे का? तर बरं आहे म्हणाले. मी मुलीला पण सांगितलं नाही हे. तुम्हाला सांगतेय."

मला वाटलं, यांना काहीतरी धीराचं सांगावं. डॉक्टरलासुद्धा कळलं नसतं, तुमचा काय दोष. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली, शाळेत मुलं हलवतात तशी, न पटता.

मग त्या उठल्या आणि तो चढ चढल्या. मध्ये दोनदा हाताने झुडूप धरलं, एकदा माझा खांदा. मी म्हटलं, "हाच तो दगड."

त्या बघत राहिल्या. साधा काळा दगड, बसण्याएवढा. बाजूला कोणीतरी वेफर्सचं पाकीट टाकलेलं. खाली मुलुंडचे टॉवर, त्यांच्या पलीकडे धुरकट खाडी.

"हंय?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा जागेत?"

"हो."

"तोंड कुठे होतं त्यांचं?"

मी दाखवलं. डोंगराकडे होतं, घराकडे नव्हतं. त्या दगडावर बसल्या नाहीत. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि घरात बोलावं तशा आवाजात बोलायला लागल्या. "एक रविवार घराक रवलो असतस तर काय बिघाडला असता? माका सांगूक काय झाला होता? माका नाय, तर ह्या टीचरांका तरी सांगूचा. तोंडात काय मूग भरलेले?" आवाज चढत गेला. वरून उतरणारे कप्तान आणि डॉक्टर थोडं लांब थांबले. वहिनी रडल्या नाहीत. भांडून दम लागतो तसा त्यांना दम लागला आणि त्या थांबल्या.

काही वेळाने मी विचारलं, "बरं वाटलं का जरा?"

"नाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, इथे आले की काहीतरी कळेल. काय कळायचं? दगड आहे नुसता."

उतरताना त्यांचे गुडघे फार दुखले. कप्तान त्यांच्या पुढे उलटे चालत होते, एकेक पाऊल त्यांना दाखवत. खाली आल्यावर वहिनींनी सगळ्यांना हात जोडले. डॉक्टरच्या गालावरून हात फिरवला. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. आम्ही वाट बघितली. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "आता नको, टीचर. बघून झालं."

मे महिन्यात त्यांनी भांडुपची खोली भाड्याने दिली आणि त्या कुडाळला दिरांकडे गेल्या. मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला आहे, तिच्याकडे जागा नाही. मधे एकदा मी फोन केला होता. तिथे झोप येते का, विचारलं. "येते. पहाटे जाग येते मात्र. भांड्यांचा आवाज नाही ना," म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

पावसाळ्यानंतर आम्ही क्लब पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला. कप्तानांनी ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. रविवारी मी आणि कप्तान, दोघंच आलो. डॉक्टरला मूल होणार होतं. गवत कमरेएवढं वाढलं होतं, वाट कुठे आहे ते नीट दिसत नव्हतं. कप्तानांनी काठीने थोडं गवत बाजूला केलं आणि थांबले. "मागे कोण राहील?" त्यांनी विचारलं. ते मला विचारत होते की स्वतःला, कोण जाणे.

"आज नको," मी म्हटलं.

आम्ही परत फिरलो. कॉलनीत दूधवाले होते, एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रिक्षा मिळेपर्यंत कप्तान माझ्याबरोबर उभे राहिले. त्यांच्या नातवाच्या परीक्षेबद्दल आम्ही काहीबाही बोललो. रिक्षा आली. त्यानंतर मी त्या डोंगराकडे गेलेली नाही.