जावेची गोष्ट

लग्न होऊन धाकटी सून परमुलखात आली, तेव्हा तिला तिथल्या भाषेतलं 'हो' आणि 'नाही' एवढंच येत होतं, आणि तेही ती उलटसुलट वापरायची. पडदे शिवायच्या कारखान्यात ती कामाला लागली आणि बारा वर्षांत तिचा हात असा बसला, की पट्टी न लावता शिवण सरळ जाई.

घरी सासूची नजर मंदावली होती. धाकटी तिला पुस्तकं वाचून दाखवायची. घरातली पुस्तकं संपली तशी सासू म्हणाली, "आता तूच रच काहीतरी." रचता रचता ती लिहायला लागली.

वाचनालयात दर शनिवारी लिहिणाऱ्यांची बैठक भरे. शब्दकोश मांडीवर घेऊन धाकटीने आपली गोष्ट तिथल्या भाषेत केली आणि अडखळत वाचली. परदेशात आलेली बाई तीनदा नापास होऊन शाळेची बस चालवायला शिकते, अशी ती गोष्ट.

बैठक चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान आहे. पण हिला घराची आठवण येत नाही? शेवटी ती खिडकीशी उभी राहून रडली तर?"

धाकटीने शब्दकोश मिटला. ती म्हणाली, "आठवण रोज येते, बाई. पण ही रडत बसणारी नाही. ही माझी मोठी जाऊ आहे. आम्ही आलो तेव्हा आम्हाला घ्यायला हीच आली होती, स्वतः गाडी चालवत."

बाई म्हणाल्या, "तर मग एक शब्दही बदलू नका."

वाचनालयाच्या कथासंग्रहात गोष्ट जशीच्या तशी छापून आली. रविवारी धाकटीने ती घरी सासूला आणि जावेला मराठीत वाचून दाखवली. सगळी ऐकून झाल्यावर जाऊ म्हणाली, "मी एवढी फटकळ आहे?"

"याहून जास्त," सासू म्हणाली. "हिने सांभाळून घेतलंय तुला."

जाऊ हसली, पण डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. धाकटीने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी पुस्तक जावेच्या बसमध्ये काचेपुढे उभं होतं. थांब्यावर एका मुलीच्या आईने विचारलं, "हे काय?"

"माझ्यावर लिहिलंय," जाऊ ऐटीत म्हणाली. "आणि लिहिणारी बाहेरची नाही. माझी सख्खी जाऊ आहे."

कारखान्याच्या वाटेवर असलेल्या धाकटीने ते रस्त्याच्या पलीकडून ऐकलं. एरवी ती कडेकडेने चालायची; त्या दिवशी ती पदपथाच्या मधोमध, मान ताठ ठेवून चालली.