आबांच्या नावाच्या पावत्या

नव्वदच्या दशकातली ती वर्षं मी नेमका कुणाचा माणूस म्हणून काढली, हे मला अजून सांगता येत नाही. कळसहून मोटारसायकलवर बारामती एमआयडीसीत जायचं आणि दूध गार करणाऱ्या मशिनी सांभाळायच्या. काम डेअरीचं, हुकूम डेअरीच्या साहेबाचा, पण पैसे द्यायची पुण्याची एक एजन्सी. तिचं तोंडही मी कधी बघितलेलं नव्हतं. ती दर महिन्याला कर कापून घ्यायची. वर्षाचं मोजलं तर जवळजवळ एका महिन्याची कमाई, आणि थोरल्या लेकीची नर्सिंगची फीसुद्धा नेमकी तेवढीच.

आमच्यातल्या एका वायरमननं सांगितलं की कामाचा खर्च दाखवला तर कापलेला कर परत येतो, फक्त पावत्या हव्यात. तेव्हापासून मी पंपावर पावती मागायला लागलो. वर्षभरात बिस्किटाचा पत्र्याचा डबा गच्च भरला. डबा हलवून बघितला की मला फारच हुशार असल्यासारखं वाटायचं.

तो डबा घेऊन बारामतीच्या एका कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, नोकरीत आहात की ठेकेदार? मी म्हणालो, मशीन बंद पडलं की शिव्या तर नोकरासारख्याच खातो. ते हसले नाहीत. एजन्सीचा कागद बघून म्हणाले, यात तुम्ही ठेकेदार आहात. हाताखाली दोन-चार माणसं असल्यासारखा मी जरा ताठ बसलो. ठेकेदार म्हणून पेट्रोलचा खर्च धरता येईल, नोकर असता तर आला नसता, हे त्यांनी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी मान हलवली.

मग त्यांनी डबा उघडला. चार-पाच पावत्या बघून चष्मा काढला.

"हे कोण?"

"आमचे वडील."

"तेही डेअरीत असतात?"

"नाही. उसात."

आमच्या घरात सगळं आबांच्या नावावर. रेशनकार्ड, कारखान्याचा शेअर, विजेचं बिल. मोटारसायकल माझ्या पैशांची, पण तीही त्यांच्याच नावावर घेतलेली. पंपावर कुणी "नाव काय लिहू?" म्हणालं की माझ्या तोंडून आबांचंच नाव यायचं. बाप घरात बसलेला असताना आपलं नाव सांगणं आगाऊपणाचं वाटायचं. सल्लागार म्हणाले, गाडी आणि खर्च मुलाचा आहे, एवढं वडिलांकडून लिहून आणा.

एवढं. आमच्याकडं मुलानं बापाला 'हे माझ्या नावानं लिहून द्या' म्हटलं की त्याला वाटणी म्हणतात. चार दिवस मी शब्द जुळवले आणि पाचव्या दिवशी जेवताना बोललो. आबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"म्हंजी आज गाडी, उद्या रानातली हीर."

मी कराचं समजावून सांगायला गेलो. मलाच न कळलेली गोष्ट मी इतकी झकास समजावली की आई पदरानं डोळे पुसायला लागली.

सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून गाडीजवळ उभे. "चल. त्या वकिलालाच इचारतो."

ते वकील नाहीत, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. सल्लागारांनी आबांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, लिहून द्यायचं नसेल तर दुसरी वाट आहे. गाडी तुमचीच राहू दे, मुलानं तिचं भाडं तुम्हाला दिलं असं दाखवू. तेवढं भाडं त्याच्या खर्चात धरता येईल.

आबांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. जणू मीच त्या माणसाला हे पढवून ठेवलं होतं.

"पोटच्या पोराकडनं भाडं?"

"फक्त कागदावर हो, आबा," सल्लागार म्हणाले.

"कागुदच ऱ्हातो की मागं," आबा म्हणाले. मग कपबशी बाजूला सारली. "आणा हिकडं. गाडी त्याचीच हाय, त्यानंच घेतलीया. कुठं सही करू?"

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

बाहेर आल्यावर आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकाशी वाकले, टायरवर अंगठा दाबला.

"ह्ये कवाच गेलंय. मी घेणार हुतो पुढल्या बाजारी. आता तुझी हाय, तूच घे."

कराचा चेक यायला पुढची दिवाळी उजाडली. टायर मात्र त्याच दिवशी घ्यावं लागलं.