शेठचं सॉरी

मंडळी, आज पडघ्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला गेले होते. तक्रार अशी, की वेबसाइट ब्लॉक करणारा फिल्टर काही ब्लॉकच करत नाही.

शेठनी गुन्हेगारही ठरवला होता. बिलिंगची शबाना. "हिनंच सेटिंग बिघडवलं. उद्यापासून हिची ड्युटी बंद."

"दीदी, मैंने हाथ भी नहीं लगाया," ती रडवेली होऊन मला म्हणाली.

मी सेटिंग तपासलं. शेठना मॅच बघता यावी म्हणून त्यांचा एकट्याचा कॉम्प्युटर फिल्टरमधून वगळायचा होता. फिल्टर बसवणाऱ्यानं अख्खं ऑफिसच वगळून ठेवलं होतं! मी हे सगळ्यांसमोर सांगितलं.

शेठ म्हणाले, "बरं, आता सगळ्यांचं बंद करा, माझं तेवढं चालू ठेवा."

"ठेवते. आधी शबानाला सॉरी म्हणा."

"मी? माझ्याच ऑफिसात?"

"मग दुसरं कोणी बोलवा." मी लॅपटॉप बॅगेत टाकला.

शेठ भिंतीकडे बघत पुटपुटले, "सॉरी."

"तिच्याकडे बघून."

म्हणाले!

आई म्हणते, "अशी बोलशील तर काम न्हाय भेटायचं." नाही तर नाही. खरं सांगा, तुमच्या साहेबानं तुम्हाला कधी सॉरी म्हटलंय? आणि तुम्ही कधी त्याला म्हणायला लावलंय?