लातूरला चुकलेला सूर

अहमदपूरला, माझ्या सासरच्या गावी, आमच्या विहारात बायकांचं गाण्याचं मंडळ होतं. पेटी मी वाजवायची आणि पुढं गायची आक्का. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आक्का रोजानं शेतात जायची. वयानं ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायची. ती मात्र मला ‘बाई’ म्हणायची, आणि ‘तुम्ही’. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

आमची ओळख दुष्काळातली. रस्त्याचं काम निघालं होतं. मी नवी सून, पण मॅट्रिक झालेली, म्हणून मुकादमानं मला हजेरी लिहायला बसवलं. आक्का खडी फोडायची. हातोडी मारता मारता ती गायची, आणि आजूबाजूच्या बायकांचे हात आपोआप तिच्या ठेक्यावर पडायचे. माझ्या वडिलांची तिकडं भोकरला गायन पार्टी होती, पेटी मी त्यांच्याकडूनच शिकलेली. हा आवाज काय चीज आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पुढं पाऊसपाणी झाल्यावर मीच तिला विहारात आणलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गाणं दोनदा वाचून दाखवलं की पाठ.

तिशीतच माझी बोटं सुजायला लागली. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. वेणी घालता येईना, धुणं पिळता येईना. डॉक्टर म्हणाले, आमवात आहे, हा सहजी जाणारा नाही. मी कुणाला सांगितलं नाही. पेटी सुटेल, याची भीती होती. एकदा विहारात एका बाईनं माझी बोटं बघितली आणि आपणहून म्हणाली, “दुष्काळात खडी फोडली न्हवं, त्याचं हाय हे.” मी नुसती मान हलवली. मग सगळ्यांना तेच ठाऊक झालं. मी जन्मात हातोडी उचललेली नव्हती. जिनं उचलली होती ती शेजारीच बसलेली असायची, आणि तिची बोटं सरळ होती.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. पहिल्याच वर्षी तिथं एक मोठा कार्यक्रम ठरला आणि आमच्या मंडळाला बोलावणं आलं. कार्यक्रम सकाळी साडेनऊचा होता. माझे हात अकराशिवाय सुटायचे नाहीत, पण ‘आम्हाला दुपारची वेळ द्या’ एवढंसुद्धा म्हणायची मला लाज वाटली. पहाटेच्या एसटीनं निघालो. वाटभर मी दोन्ही हात पदराखाली काखेत धरून बसले होते.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात माझं मधलं बोट उठलंच नाही. शेजारचं बोट त्याच्यावर चढलं आणि एकदम दोन सूर वाजले. मी सावरायला गेले ते भलत्याच पट्टीवर. आक्का बिचारी माझ्या सुरामागं आली, मग थांबली. मांडवात हसू पसरलं. आणि तेव्हा मी काय केलं, तर मान वळवून तिच्याकडं बघितलं. कपाळाला आठ्या घालून. सगळ्या मांडवानं माझी ती नजर पाहिली.

परतीच्या एसटीत बायकांनी भाकरीची फडकी सोडली. मीच म्हणाले, “आक्का, असा सूर कसा सोडलास गं?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सुटला खरा.”

त्यानंतर पुढं गायला दुसरी बाई आली. आक्का मागच्या ओळीत टाळ वाजवायला लागली, मग हळूहळू यायचीच थांबली. तिला परत बोलवा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

दीडेक वर्षानं एका पौर्णिमेला मी विहारात लवकर गेले होते. पेटीची खिट्टी मला निघेना. आक्का झाडायला आलेली. तिनं केरसुणी ठेवली, माझे हात बाजूला सारले आणि खिट्टी काढून दिली.

“लातूरलाच दिसलं व्हतं मला,” ती म्हणाली. “बोट उठंना तुमचं.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुनी ऐकलं असतं, बाई? तुम्ही म्हनलात, आक्कानं सूर सोडला. झालं की मग.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आज ऊन जास्त आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. आम्ही त्याच विहारात बसून सगळी माणसं सारखी म्हणून गात होतो, आणि माझ्या एका वाक्यासमोर तिचं वाक्य टिकणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणून तर मी ते बोलले होते.

त्याच दिवशी वंदना झाल्यावर मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की लातूरला चूक माझी होती, मी खडी कधी फोडली नाही, आणि बोटांना झालाय तो आमवात आहे. मला वाटलं होतं, बायका मला बोल लावतील. तर एकजण म्हणाली, “बघा, बाईंचं मन किती मोठं!” दुसरीनं माझे हात हातात घेतले. आक्काकडं कुणी बघितलंच नाही. ती उठून बाहेर निघून गेली. खोटं बोलून जे मिळालं होतं, तेच खरं बोलूनही माझ्याच पदरात पडलं.

मी चार वेळा तिच्या घरी गेले. तीन वेळा तिनं चहा पाजला आणि भलतंच बोलत राहिली. चौथ्यांदा म्हणाली, “गाते. पण पट्टी मी धरनार, तुम्ही मागून यायचं. जमल तेवढंच वाजवायचं. आन् सकाळचा कार्यक्रम घ्यायचा न्हाई.”

असंच केलं. डाव्या मनगटानं भाता ओढायची आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी सूर धरून ठेवायची. वडिलांनी शिकवलेल्या ताना, मुरक्या सगळ्या गेल्या.

पुढं आम्ही किनवटला एका जयंतीला गेलो. गाणं सुरू करायच्या आधी आक्कानं माईक जवळ ओढला. “आमच्या बाईच्या हाताला आमवात हाय,” ती म्हणाली. “दोनच बोटं चालत्यात. चुकलं तर ते पेटीचं आसल, माझं न्हाई.”

लोक हसले. माझे कान तापले. वर बघायचं धाडस झालं नाही, म्हणून पट्ट्यांकडं बघत मी भाता ओढला.