फुलदाणीत अडकलेला ग्रेडर

अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल २०२५. बोरी अरब येथील पुंडलिकराव गावंडे यांच्या घरी जीव सहा: घरात चार, गोठ्यात दोन. गोठ्यातले दोघे नेहमीप्रमाणे होते. घरातल्या चौघांत सकाळपासून भांडण होते.

भांडणाचे कारण एक निळी फुलदाणी. फाल्गुनात लग्न होऊन आलेल्या सुनेने, अर्पिताने, ती नागपूरच्या माहेरहून आणली होती. तिच्या आजोबांना ती नागपुरात एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी मायदेशी परतताना दिली होती आणि ती इटलीची आहे, असे अर्पिताच्या आईने लग्नात चारचौघांत सांगितले होते. सासूबाई कोकिळाबाईंनी ते साऱ्या गावाला सांगितले. आदल्या संध्याकाळी अर्पिताने तीत पाणी घालून झेंडूची फुले ठेवली. सकाळी टीव्हीच्या शोकेसवर पाण्याचे गोल उमटले होते.

"आपल्या कुंभाराचं मडकं पाझरते ते पाणी गार कराले," कोकिळाबाई म्हणाल्या. "हे इटलीचं कायले पाझरते? विहीणबाईनं डुप्लिकेट देल्लं अन् वरतून इटली सांगतली."

"माझी मम्मी खोटं बोलत नाही, आई," अर्पिता म्हणाली. "हे ठरल्याशिवाय मी आज पंगतीला बसणार नाही."

अक्षय्य तृतीयेला, पितरांना घास देण्याच्या दिवशी, नवी सून उपाशी राहणे ही गोष्ट लहान नव्हती. मुलगा कपिल याने दोघींचेही बरोबर असल्याचे मत दिले आणि दोघींचाही विश्वास गमावला. अखेर पुंडलिकरावांनी दारव्ह्याला फुलचंद राठोडांना फोन लावला.

फुलचंद दारव्ह्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. नातवाने इतरांनी वाहून आणलेल्या मालाची प्रत ठरवण्याची नोकरी धरली. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. शेतकरी चांगला कापूस वर रचतो आणि ओला खाली दडवतो, या गृहीतकावर ती नोकरी उभी होती. गाडी समोर आली की फुलचंद काखेपर्यंत हात आत खुपसत, मूठभर कापूस ओढून काढत आणि एक शब्द उच्चारत. मागे गाड्यांची रांग असल्यामुळे "माहीत नाही" हे उत्तर त्या व्यवसायात उपलब्ध नव्हते. त्या एका शब्दावर कोणाच्या घरची वर्षभराची गणिते बदलत, आणि त्याबद्दल त्यांना ज्या शिव्या मिळत, त्या त्यांनी पगाराचाच भाग मानल्या होत्या.

निवृत्तीनंतर गुडघ्याचे ऑपरेशन झाले. खाटेवर पडून राहण्याच्या काळात मोबाइलवर त्यांना जुन्या इटालियन भांड्यांचा एक ग्रुप सापडला. देशोदेशीचे लोक आपापल्या फुलदाण्यांचे फोटो टाकत आणि ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या पद्धतीने केलेली, हे विचारत. फुलचंद थक्क झाले. येथे माणसे माल स्वतःहून पुढे ठेवत, ग्रेड विचारत आणि ग्रेड ऐकून आभार मानत. त्यांनी अभ्यास सुरू केला. साच्यातून काढलेल्या भांड्याला शिवण राहते. चाकावर ओढलेल्या भांड्याच्या आत बोटांच्या वळ्या राहतात. काही ठिकाणी वरचा रंगाचा थर टोकदार सळईने खरवडून खालची माती उघडी करतात. हळूहळू ते उत्तरे देऊ लागले. त्यांचे इंग्रजी दोन शब्दांत संपत असे. ग्रुपने ती अधिकारवाणी मानली, आणि तिची कीर्ती बोरीपर्यंत पोचली.

"घरच्या माठाले चीर गेली ते दिसत नाही," त्यांच्या पत्नी रुपीबाई म्हणत, "अन् परक्याच्या मडक्याचं कूळ सांगून राह्यले."

इटलीचे एकही भांडे त्यांनी आजवर हातात घेतलेले नव्हते. तसे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

दुपारी ते काळी-पिवळी जीपने येऊन बोरीला उतरले. चष्मा पुसून त्यांनी फुलदाणी उचलली आणि लगेच खाली ठेवली. फोटोत भांड्याला वजन नसते. त्यांनी अर्पिताकडून तिचे चहूबाजूंनी फोटो काढून घेतले आणि समोरची फुलदाणी सोडून बराच वेळ ते फोटो पाहिले. तळाला दोन आकडे आणि मध्ये तिरपी रेघ. देशाचे नाव नव्हते. बाहेरून माल उत्तम दिसत होता. नेमक्या याच गोष्टीने त्यांच्यातला ग्रेडर जागा झाला. त्यांनी उजवा हात आत खुपसला.

हात मनगटापुढे गेला. परत येईना.

"अडकला काय, राठोडसाहेब?" पुंडलिकरावांनी विचारले.

"तपासून राह्यलो."

थोड्या वेळाने पुंडलिकरावांनी पुन्हा विचारले, "अजून किती तपासता?"

"अडकला," फुलचंद म्हणाले.

साबण झाला, पाणी झाले. ओढाताणीने मनगट सुजले. तेव्हा कोकिळाबाई स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आल्या. "तुमी फक्त डुप्लिकेट म्हना, भाऊ. आत्ता फोडतो, हात मोकळा."

अर्पिता मध्ये उभी राहिली. "आणि असली असेल तर?"

"मंग हात तसाच राहू द्या," कपिल म्हणाला. कोणी हसले नाही.

न्यायाधीशाचा खटल्यात हितसंबंध नसावा, असे तत्त्व आहे. येथे तो मनगटाच्या वरपर्यंत होता. एक शब्द बोलला की हात सुटणार होता, आणि नागपुरात बसलेली एक बाई कायमची खोटी ठरणार होती. एक शब्द बोलण्यात तर फुलचंदांचा जन्म गेला होता.

अर्पिताने फोटो त्याच ग्रुपवर टाकले होते. उत्तर आले ते तिने वाचून दाखवले: भारतातील श्री. राठोड यांना विचारावे.

"त्यायलेच त इचारून राह्यलो," पुंडलिकराव म्हणाले.

आत फुलचंदांची बोटे वळ्यांवर टेकली होती. हा शब्द त्यांनी ग्रुपवर कितीदा लिहिला होता. वळी अशी लागते, हे त्यांना आज कळत होते. एका ठिकाणी खाच जरा खोल होती, ओढता ओढता कोणाचे बोट घसरल्यासारखी.

"चाकावरचं आहे," ते म्हणाले. "हातानं वढलेलं. बाहेरच्या रेघा खरवडून काढल्या. असं काम अन् आकड्याची अशी लिखावट तिकडचीच. इटलीचं आहे, वहिनी. फोडू नका."

"मंग गळते काहून?"

"कमी आचेवर भाजलेलं असते. त्यात सुकलेली फुलं ठेवाची. पाणी नाही घालाचं."

"बनवलं कोनं?" पुंडलिकरावांनी विचारले.

मागे गाड्यांची रांग नव्हती. "ते मले माहीत नाही," फुलचंद म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. कोणी शिवी दिली नाही.

कोकिळाबाईंनी बत्ता भिंतीशी ठेवला आणि पाने मांडली. त्या दिवशी दाराशी आलेला पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नसतो, आणि पाहुण्याचा जेवायचा हात इटलीत होता. सूज उतरावी म्हणून फुलचंदांनी तो फुलदाणीसह डोक्यावर धरला, आणि पुंडलिकरावांनी त्यांना पुरणपोळीचे घास भरवले, वर पन्हे पाजले. शेजारचे बबनराव दारात आले, हा विधी आपल्याकडे केव्हा सुरू झाला असे न विचारता त्यांनी हात जोडले आणि परत गेले. अर्पिता पंगतीला बसली. तिने पोळी दोनदा मागून घेतली.

जेवणानंतर जवसाचे तेल ओतले. हात निघाला. फुलदाणी शाबूत, हात लाल.

आता ती शोकेसवर आहे आणि तिच्यात गव्हाच्या ओंब्या आहेत. आल्यागेल्याला कोकिळाबाई ती हाताने ओढलेली असल्याचे सांगतात, आणि अर्पिता ते ऐकत उभी राहते. अर्पिताच्या आईला कोकिळाबाईंनी खोटे ठरवले, त्याची माफी मागणारा फोन नागपूरला अजून गेलेला नाही.