पार्सरचा संप आणि शेठचा बदली

फुकट राबू नका, असं मी कामगार संघटनेच्या पत्रकांत इतक्यांदा लिहिलंय की छापखानेवाला आता ती ओळ मला न विचारताच टाकतो. पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांच्या फाटकांवर ती पत्रकं वाटून मी नवागामला घरी यायचे, लॅपटॉप उघडायचे आणि फुकट राबायला बसायचे.

काम असं. एका प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहिणारे लोक त्या कोडच्या डोक्यावर तो काय करतो याची टिपणं लिहितात. शब्द ठळक हवा असेल तर त्याच्या आधी एक चांदणी, नंतर एक चांदणी. अशा काही खुणा ठरलेल्या. ती टिपणं वाचून त्यांची नीट वेबपानं बनवणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, सगळ्यांचा आहे. कॉलेजात असताना मी त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली. पार्सर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी आभार मानले, सगळे अधिकार मला दिले आणि गायब झाले. मला तेव्हा तो सन्मान वाटला होता!

जुना पार्सर भलताच समजूतदार. दुसरी चांदणी विसरलात तरी तो अंदाजाने पुढे जायचा आणि अर्धं पान ठळक करून ठेवायचा. मला ते पटेना. चुकीवर पांघरूण घालायचं ही शेठलोकांची रीत. मी नवी आवृत्ती काढली: चांदणी उघडी राहिली की पार्सर तिथंच थांबेल आणि कुठल्या ओळीत चुकलं ते सांगेल.

लगेच एका बड्या कंपनीचा संदेश आला. त्यांची पानं बनेनाशी झाली होती, कारण त्यांच्या टिपणांत उघड्या चांदण्यांचं आभाळच्या आभाळ पसरलेलं. ‘तातडीचं आहे. सोमवारपर्यंत दुरुस्त करावं.’ कृपया वगैरे काही नाही. वापरायचं फुकट, वर हुकूम!

मी पेटले. पार्सरच्या पानावर जाहीरनामा चिकटवला. काम बंद! मागणी एकच: कंपनीने आपला एक माणूस पगारी वेळात या कामाला द्यावा. तोवर मी एका ओळीलाही हात लावणार नाही. जगभरच्या प्रोग्रामरांनी अंगठे उंचावले. हात कुणी दिला नाही.

पप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर आहेत. त्यांच्या कारखान्यात खानदेशातल्या गावी लग्नाला जायचं तरी आपल्या जागी बदली माणूस स्वतः उभा करून जावं लागतं. त्यामुळे संप ऐकून त्यांनी पहिला प्रश्न तोच टाकला.

“तुना बदली कोन शे?”

“पप्पा, मी रजेवर नाही, संपावर आहे. संपात बदली देत नसतात.”

“मंग शेठ देई.”

आई साड्यांचे धागे कापत बसली होती. “फुकटना कामले संप!” ती म्हणाली. “मंग मना बी आजपासून संप. च्या तूच ठेव.”

आणि शेठने बदली दिला. कंपनीने पार्सरची नक्कल करून घेतली (ती कुणालाही करता येते, हेच तर तत्त्व आम्ही मिरवतो) आणि कंत्राटावर एक माणूस नेमला. त्याने माझा कडक नियम उपटून टाकला. त्यांची पानं बनू लागली. माझा संप चालूच होता, फक्त कुणाविरुद्ध ते कळेना.

मग त्या माणसाचाच मेल आला. इंदूरचा होता, हिंदीत लिहिलं होतं. मॅडम, टिपणातल्या तक्त्याची शेवटची ओळ पानावर गायब होते, कोड समजत नाही, मार्गदर्शन करा.

संप फोडणाऱ्यांसाठी माझ्याकडे विशेषणांचा मोठा साठा आहे. त्यातली निवडक लिहिली. पण तक्त्याचा तो भाग मीच लिहिलेला, आणि ती ओळ का गायब होते ते मला चांगलं ठाऊक होतं. विशेषणं पुसली, पानभर समजावून लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. मग फोन, अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत. म्हणजे आता मी थेट कंपनीसाठी राबत होते, आणि तेही संपावर असताना.

“बदली उना, तरी तू मशीनवरच!” पप्पा पोट धरून हसले.

ते हसणं फार लागलं. पुढच्या फोनवर मी म्हणाले, “भैया, अब सवाल मुफ्त नहीं. जितने जवाब, उतने काम. तुम्ही तुमच्या नकलेत जी दुरुस्ती कराल ती माझ्या पार्सरलाही पाठवायची. कामाच्या वेळातच.”

“मॅडम, कंपनी पूछेगी तो?”

“कंपनीला वाचायची सवय असती तर चांदण्या बंद केल्या असत्या.”

तो हसला. मग म्हणाला, “एक शर्त मेरी भी. पार्सरला थांबवू नका. चूक दाखवा, पण पान बनू द्या. नाहीतर तुमचा पार्सर आणि आमची नक्कल यांचं जुळायचं नाही, और मेरी नौकरी जाएगी.”

तडजोडीविरुद्धही माझं एक पत्रक आहे. तरी मान्य केलं. आता पार्सर चूक दाखवतो, ओळ सांगतो आणि पुढे जातो. बदलीच्या दुरुस्त्या नेमाने येतात, माझ्यापेक्षा नीटस असतात. गेल्या लग्नसराईत मी लॅपटॉप घरी ठेवून गावी गेले.

जाहीरनामा मात्र अजून तिथंच आहे, वर ‘काम बंद’ आणि खाली रोज चाललेलं काम. नवे लोक विचारतात, हा संप मिटला की नाही? मी उत्तर देत नाही. मिटला म्हणायचं तर मागणी मान्य झाली हे जाहीर करावं लागेल, आणि ती ज्याने मान्य केली त्याचं कंत्राट कंपनी त्याच दिवशी मोडेल.