सुमीचं वाचन

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलांपाशी नाही — आणि जिच्याशी बोलायला हवं होतं, तिच्याशी तर नाहीच. साठी ओलांडून मला काही वर्षं झाली, तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. म्हणून जरा लांबून येते. तुम्ही म्हणाल, बाई, मुद्द्याचं बोला. येते हो, मुद्द्यावरच येते आहे. पण त्याच्याजवळ गेलं की पाय मागे ओढतात, त्याला मी काय करू?

आमचे आप्पा मास्तर होते, संगमनेरच्या एका हायस्कुलात. मुलांवर छडी उगारणार नाही म्हणाले, त्यावरून वरच्यांशी वाजलं, आणि राजीनामा देऊन ते आम्हाला घेऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. नुसते आले असते तर ठीक होतं. त्यांनी मला आणि धाकट्या सुमीला गावच्या शाळेत घालायलाच नकार दिला. पोरींना मी घरी शिकवणार, म्हणाले. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची ती वर्षं. लोक टँकरची वाट बघत बसलेले, घरोघरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, आणि या माणसाला घरात शाळा काढायची हौस. गावाने आप्पांना येडा मास्तर ठरवून टाकलं. आई शिलाई मशीनवर झंपर शिवायची, चुलते कोरडवाहू जमिनीकडे बघायचे, त्यावर घर चालायचं.

पण शाळा कशी होती म्हणता? तशी शाळा मी नंतर कुठे पाहिली नाही. सोमवारी गणित — आईच्या मशीनवरचं कापड मोजायचं, चुलीपुढची लाकडं तोलायची. मंगळवारी मातीकाम. आटलेल्या ओढ्यातून माती आणून आम्ही बैल करायचो, दळायची जाती करायचो, आणि माझ्या बैलाला नेहमी शेपूट मोडल्यावरच वाळायची बुद्धी व्हायची. मधले दोन दिवस पुस्तकं करायची. हो, करायची. आप्पा गोष्ट लिहीत, मी चित्रं काढी, सुमी दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने पानं शिवी. शुक्रवारी वाचन. आणि शनिवारी सहल. कधी पारनेरच्या बाजारात, कधी पाझर तलावाच्या कामावर. तिथे माती वाहणाऱ्या बायका आम्हाला हसायच्या आणि आप्पा आम्हाला खड्ड्याची लांबी-रुंदी विचारायचे. एकदा एस.टी.ने शनिशिंगणापूरलाही नेलं होतं. घरांना दारं नाहीत हे पाहून सुमीने इतके प्रश्न विचारले की पुढचा अख्खा आठवडा आप्पा तेच शिकवत राहिले.

या शाळेचे नियम दोनच. एक, परीक्षा नाही. परीक्षा घेणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणं, असं आप्पांचं मत. दुसरा, मोठ्याने धाकट्याला शिकवायचं. शिकवलं की शिकणं पक्कं होतं, असं ते म्हणत. म्हणून सुमीला अक्षरं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षांची होते, सुमी सातची.

आता मात्र लांबण लावता येणार नाही.

पहिले काही दिवस मी मनापासून शिकवलं. पण सुमीला अक्षरं लवकर जमेनात. आज ओळखलेलं अक्षर उद्या तिला परकं वाटायचं. आणि मला घाई होती. तिचा धडा झाला की आप्पांच्या पेटीतली मोठ्यांची पुस्तकं वाचायची मला मुभा होती ना. त्या पुस्तकांपायी मी वेडी झाले होते. एक दिवस वैतागून मी आप्पांनी लिहिलेली गोष्ट तिला नुसती वाचून दाखवली. दोनदा दाखवली असेल. तिसऱ्यांदा तिने ती अख्खी म्हणून दाखवली — एक शब्द इकडचा तिकडे नाही. पान कुठे उलटतं तेसुद्धा तिच्या ध्यानात. तिच्या स्मरणशक्तीपुढे मी चाट पडले. आणि लगेच माझ्या लक्षात आलं की माझी सुटका झाली.

मी तिला ओळीवरून बोट फिरवायला शिकवलं. बोट कुठे थांबवायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. तिने मला विचारलं होतं, "अक्का, ह्यालाच वाचनं म्हनत्यात का?"

मी म्हणाले, "व्हय, ह्यालाच."

तेव्हा हे ध्यानात घ्या, की ती कुणाला फसवत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपल्याला वाचता येतं. फसवणारी मी एकटी.

शुक्रवारी संध्याकाळी ती आप्पांपुढे पुस्तक घेऊन बसायची आणि घडाघडा वाचायची. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. डोळे मिटून — म्हणून तर सगळं खपून गेलं. दुसरा कुणी बाप असता तर मधलंच एखादं अक्षर विचारून मोकळा झाला असता. आमच्या घरात तसं विचारणं बसत नव्हतं. वाचन संपलं की ते माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे की इंदू माझ्यापेक्षा चांगली मास्तर होणार. मला लाज वाटायची का? खरं सांगायचं तर नाही. मला छान वाटायचं. असं वर्षभर चाललं, एका पुस्तकामागून दुसरं.

आईचा या शाळेवर कधीच विश्वास बसला नाही. पोरी उजवायची वेळ येईल तेव्हा लोक विचारतील कितवी शिकली, काय सांगू मी, असं तिचं म्हणणं. शेवटी तिने संगमनेरहून मामाला बोलावून घेतलं. मामा दूध संघात होता, मोठ्या आवाजाचा पण मनाने चांगला. त्या दोघांचं आणि आप्पांचं बरंच बोलणं झालं. आप्पाच म्हणाले की सुमी आठ वर्षांची आहे, पुढच्या रविवारी येऊन तिच्यापुढे काहीही वाचायला ठेवा. तिने वाचलं तर या विषयावर पुन्हा बोलायचं नाही. नाही वाचलं तर जूनमध्ये दोघींना शाळेत घालीन, आणि स्वतः नोकरी शोधीन. परीक्षा न मानणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने मान्य केली, कारण त्याला सुमीची खात्री होती. म्हणजे माझी खात्री होती.

मला पुरा आठवडा मिळाला होता. मी काय केलं? एक दुपार सुमीला अक्षरं घोटवून पाहिली, ती रडकुंडीला आली, आणि मी सोडून दिलं. मग मी मनात धरून बसले की मामा आपलंच एखादं पुस्तक उचलेल. आप्पांशी जाऊन बोलावं असं वाटलं नाही का? वाटलं. आप्पा ओट्यावर नवीन पुस्तकाला कागद कापत बसले होते, तिथवर गेलेसुद्धा. त्यांनी मला कात्री धरायला दिली. मी कात्री धरून उभी राहिले आणि त्यांनी मागितल्यावर ती देऊन परत आले.

रविवारी मामाने पिशवीतून त्या दिवशीचा पेपर काढला आणि सुमीपुढे धरला. तिने परकर सावरला, पेपर मांडीवर घेतला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. टेकडीमागे एक तळं होतं, तळ्याला एकटं एकटं वाटत होतं — आप्पांची गोष्ट. बोट पेपरवरून नीट पुढे सरकत होतं. जिथे पुस्तकात पान संपायचं तिथे तिने पेपर उलटला. मामा आधी हसला, मग हसायचा थांबला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. आणि सुमी वाचतच होती, गोष्ट संपेपर्यंत. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. बरोबर वाचलं ना, असं ते पाहणं होतं.

आप्पा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"इंदू, तू तिला अक्षरं शिकवली होतीस ना गं?"

"शिकवली होती आप्पा. रोज शिकवली. तिच्या डोक्यात काही राहतच न्हाई."

हे मी म्हणाले. ज्या पोरीच्या डोक्यात पुस्तकंच्या पुस्तकं शब्दासकट राहत होती, तिच्याबद्दल. तिच्यादेखत. सुमीने नाही म्हटलं नाही. अक्का म्हणते म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं. तिने पेपराची घडी घातली आणि मामाला परत दिली.

जूनमध्ये आम्ही शाळेत गेलो. मला एकदम सातवीत बसवलं, माझं कौतुक झालं. सुमी पहिलीत, तिच्याहून लहान पोरांत. पोरं तिला घोडी म्हणायची. तिथल्या बाईंना आईने आधीच सांगून ठेवलं होतं की ही जरा मंद आहे, त्यामुळे त्यांनीही फार त्रास घेतला नाही. चौथीपर्यंत कशीबशी गेली आणि घरी बसली. आप्पा पतपेढीत कारकून झाले. त्यांनी पुन्हा गोष्ट लिहिली नाही, कुणाला शिकवलं नाही. माझ्या हट्टापायी एका लेकराचं वाटोळं झालं, असं ते शेवटच्या आजारपणात मला म्हणाले होते. मी त्यांना औषध पाजत होते. तेव्हाही मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्यांनी तो दोष घेऊनच डोळे मिटले. आणि मी? मी मास्तरीण झाले, तीस वर्षं पगार घेतला.

सुमी संगमनेरजवळ दिली. माणसं चांगली मिळाली, दूधदुभतं आहे, नातवंडं आहेत. सही करते. बाकी कागद आला की दुसऱ्याच्या हातात देते. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. नात पुस्तक घेऊन तिच्याकडे आली, तसं तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि नातीला सांगायला लागली.

"अक्काकडं बस. माज्यापायी हिनं लई जीव काढला गं. मीच मठ्ठ, ती तरी काय करनार?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला आन् आप्पांना माज्यापायी खाली बघावं लागलं, ते मला अजून लागतंय."

घरात आम्ही तिघीच होतो. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे सुमे. आमी कधी मनात धरलं न्हाई."

तिला बरं वाटलं. डोळे पुसून ती चहा टाकायला उठली.